आधी कडधान्य ठरवा, भाजी मग बघू: शाकाहारी जेवणाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी शाकाहारावरचे प्रश्न एकत्र घेतलेत. पत्रं लांबलचक होती म्हणून थोडी कापलीत, रागावू नका. काहींनी रक्ताचे रिपोर्ट पाठवलेत, ते प्लीज तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मी स्वयंपाक आणि खाण्याचं सांगू शकते, त्यापुढचं नाही.

प्रश्न: ताई, आम्ही दोघांनी मध्यंतरी मांसाहार सोडला. दोघंही नोकरीला, त्यामुळे मी सुट्टीच्या दिवशी बसून आठवड्याची यादी करते. सोमवार फ्लॉवर, मंगळवार भेंडी, बुधवार बटाटा, गुरुवार कोबी असं, आणि सोबत भात किंवा पोळी. पण जेवून दोन तास होत नाहीत तोवर परत भूक लागते आणि संध्याकाळी बिस्किटांचा पुडा फस्त होतो. काय चुकतंय?

तुमची यादीच सांगतेय काय चुकतंय ते. सगळे वार भाज्यांना दिलेत! ताटातून मटण, चिकन गेलं पण त्यांच्या जागी काही आलंच नाही, जे आधी शेजारी वाढलं जायचं तेच आता मुख्य झालंय. फ्लॉवर आणि भेंडीशी माझं काही भांडण नाही, पण दोन्हींत 100 ग्रॅममागे प्रोटीन जेमतेम 2 ग्रॅम असतं, मग पोट भरल्यासारखं वाटतं आणि लगेच रिकामं होतं.

आता हिशोब बघा, एकदाच करायचा आहे, रोज वजनकाटा घेऊन बसायचं नाहीये. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 48 ते 50 ग्रॅम (गरोदर बायका, वाढती मुलं, भरपूर व्यायाम करणारे यांना जास्त). यातला बराच वाटा धान्यातून येतोच, लोक उगाच विसरतात. उरलेलं कडधान्यातून, दुधातून, टोफूतून काढायचं. शिजवलेली मसूर किंवा काबुली चणे यांत 100 ग्रॅमला 9 ग्रॅमच्या आसपास असतं म्हणजे चांगली भरलेली वाटी धरली तर 13-14 ग्रॅम सहज, मोठ्या ग्लासभर दुधात 8, अंडं खात असाल तर एकात 6, मूठभर शेंगदाण्यात 7. दोन्ही जेवणांत एकेक भरलेली वाटी आली की निम्मं काम झालं. शिवाय कडधान्यात फायबर पण भरपूर, त्यामुळे पोट लवकर रिकामं होत नाही, बिस्किटांचा पुडा आपोआप मागे पडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की यादी उलटी करा. वार कडधान्यांना द्या: सोमवार-मंगळवार चणे, बुधवार मसूर, गुरुवार टोफू किंवा पनीर, शुक्रवार राजमा, अशी. भाजी कोणती ते शेवटी ठरवा आणि तेही बाजारात आणि फ्रीजमध्ये काय आहे ते बघून. भाजी आधी ठरवली की कडधान्य राहून जातं हे मी इतक्या घरांत बघितलंय!

नोकरी करून हे जमवायचं तर सुट्टीच्या दिवशी दोन मोठी पातेली लावा, दोन वेगवेगळी कडधान्यं, फक्त मीठ घालून साधी शिजवलेली, मसाला काही नाही. मसाला घातला की ती एकच डिश होऊन बसते, साधी ठेवलीत तर तेच चणे सोमवारी टोमॅटोच्या रश्श्यात, मंगळवारी कांदा-काकडी-लिंबू घालून सॅलडमध्ये, आणि उरले तर तीळ लसणाबरोबर वाटून ब्रेडला लावायला. कोरडं कडधान्य भिजून शिजलं की वजनाला दुपटीहून जास्त होतं त्यामुळे अंदाज त्या हिशोबानं घ्या. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त लागणार असेल तर सरळ फ्रीझरमध्ये, पिशवीत पातळ थर करून ठेवलं तर पटकन सुटतं, महिना-दोन महिने आरामात टिकतं. शिजवलेलं पाणी फेकू नका, सूपला वापरा (राजमा सोडून, त्याचं पुढे येतंय).

एक सावधगिरी, भातासाठी खास. असं मोठ्या प्रमाणावर शिजवणारे लोक भात पण रात्रभर ओट्यावर ठेवतात, ते करू नका. तांदळात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करून जात नाही. पसरट ताटात काढून लवकर गार करा, तास-दोन तासांत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

प्रश्न: डाळ आणि भात एकाच वेळी खाल्ले तरच प्रोटीन पूर्ण होतं, नुसती डाळ खाल्ली तर फुकट जाते असं जिममधल्या ट्रेनरनी सांगितलं. मी भात सोडलाय, मग माझी डाळ फुकट का?

फुकट वगैरे काही जात नाही. मूळ मुद्दा खरा आहे, धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रोटीन ज्यांनी बनतं त्यातला एक घटक) कमी असतं आणि कडधान्यात मेथिओनिन कमी, त्यामुळे दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. पण ते एकाच ताटात, एकाच घासात असायला हवं ही समजूत 1970 च्या दशकात पसरली आणि पुढे तज्ज्ञांनी ती सोडूनही दिली. शरीर दिवसभरात आलेली अमिनो आम्लं वापरतं. सकाळी ओट्स, दुपारी डाळ, रात्री ब्रेड, असं चालतं की. भात सोडलात तर सोडलात, पण सगळंच धान्य सोडलं असेल तर मात्र तीळ, सुकामेवा, दूध यांच्याकडे जरा लक्ष द्या, किंवा सोयाबीन घ्या, त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्लं पुरेशी असतात.

प्रश्न: राजमा रात्रभर भिजवून सकाळी इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये मंद आचेवर लावून ऑफिसला गेलो. संध्याकाळी दाणे थोडे कडक होते पण चव बरी होती म्हणून खाल्ले. दोन तासांत घरातल्या सगळ्यांना उलट्या. राजमा खराब होता का?

राजमा खराब नव्हता, कच्चा होता. आणि हे प्रत्येकानं वाचावं म्हणून तुमचं पत्र निवडलंय.

राजम्यात, विशेष करून लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे एका प्रकारचं प्रोटीन असतं. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणे जरी पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो, एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या, मग जुलाब. बहुतेक लोक काही तासांत बरे होतात पण ते काही तास कसे जातात ते तुम्हाला आता माहीत आहे. ते लेक्टिन उकळत्या पाण्यात नष्ट होतं. स्लो कुकर मात्र मंद सेटिंगवर पाण्याला उकळी येऊच देत नाही, 80 अंशांच्या आसपास घुटमळत राहतो, आणि गंमत (गंमत कसली!) म्हणजे त्या तापमानाला दाण्यातला विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढू शकतो, पाच पटींपर्यंत. म्हणजे दिवसभर शिजवलं म्हणून सुरक्षित असं नाही.

करायचं काय तर निदान पाच तास भिजवा, रात्रभर ठेवलंत तर उत्तमच. ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात खळाखळा उकळा, कमीत कमी 10 मिनिटं, आणि 30 मिनिटं उकळलंत तर निर्धास्त. त्यानंतर हवं तर स्लो कुकरमध्ये टाका, काही हरकत नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं त्यामुळे तिथे ही चिंता नाही, फक्त दाणा बोटानं दाबला की मऊ चेपला पाहिजे. डब्यातला तयार राजमा आधीच शिजलेला असतो. आणि राजम्याला मोड आणून सॅलडमध्ये कच्चा खायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच सोडा, मूग आणि राजमा एक नाहीत.

कडकपणाचं विचारलं नाहीत पण सांगते, कारण तक्रार सगळ्यांची असते. दाणे जुने असले की शिजत नाहीत, वर्ष-दोन वर्षं डब्याच्या तळाशी पडलेल्या कडधान्याकडून फार अपेक्षा नको. पाणी जड असलं की त्यातल्या कॅल्शियममुळे साल घट्ट राहते. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट आधीच घातलं तरी तेच, आंबट नेहमी दाणे मऊ झाल्यावर. मिठानं कडधान्य कडक होतं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, ते खरं नाही, उलट भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर साल जास्त लवकर मऊ होते, करून बघा आणि मला कळवा. खायचा सोडा चिमूटभर घातला की काम होतं पण बी 1 जीवनसत्त्व जातं आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते, मी तरी टाळते.

प्रश्न: कडधान्य वाढवल्यापासून घरात गॅसचा कहर आहे. काय करू?

हळूहळू वाढवा. एकदम शून्यावरून दोन वाट्या केल्यात ना? कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि गॅस करतात. भिजवलेलं पाणी टाकलं की त्यातल्या थोड्या जातात, मोड आणले की अजून कमी होतात. सोललेली मसूर, मूगडाळ यांपासून सुरुवात करा, राजमा-चणे नंतर. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं पोट सरावतं.

प्रश्न: मी दूधही सोडलंय, पूर्ण व्हीगन. बी 12 साठी रोज स्पिरुलिनाची पावडर घेते आणि आंबवलेले पदार्थ खाते. पुरेसं आहे ना?

नाही. आणि याबाबतीत मी गोड बोलणार नाही.

स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतांश बी 12 सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीरात काम न करणारं रूप असतं. पाकिटावर मोठा आकडा छापलेला असला तरी तो तुमच्या कामाचा नाही. आंबवलेल्या धान्या-कडधान्यांवर पण भरवसा ठेवता येत नाही. बी 12 तयार करतात ते जिवाणू, आणि आपल्याला ते मिळतं प्राणिजन्य पदार्थांतून नाहीतर मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून. व्हीगन माणसानं गोळी घ्यायची किंवा बी 12 घातलेलं सोया दूध, सीरियल असं काहीतरी नेमानं खायचं, तिसरा रस्ता नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 2.4 मायक्रोग्रॅम लागतं. दूध पिणाऱ्यांना मोठ्या ग्लासामागे 1 च्या थोडं वर मिळतं त्यामुळे चहात चमचाभर दूध घालून ‘मी दूध घेतो’ म्हणणाऱ्यांनी पण फार निश्चिंत राहू नये.

फसवं काय आहे तर याचा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणजे आज सोडलं आणि उद्या त्रास झाला असं होत नाही, लोक वर्षभर छान राहतात आणि मग बघा मला काही झालं नाही म्हणून सांगत फिरतात. नंतर हातापायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो, आणि फार उशीर झाला तर नसांचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. त्यात शाकाहारात फोलेट (बी गटातलंच एक जीवनसत्त्व) भरपूर असतं, त्यामुळे कधीकधी रक्ताची साधी तपासणी ठीक दिसते आणि बी 12 ची कमतरता झाकून राहते. डायबिटीससाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर शोषण अजून कमी होतं. बी 12 ची वेगळी तपासणी करून घ्या आणि डोस डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: रोज पालकाची स्मूदी पिते तरी हिमोग्लोबिन वाढत नाही.

पालकाला लोहाच्या बाबतीत जरा जास्तच मान मिळालाय. 100 ग्रॅम कच्च्या पालकात 2.7 मिलिग्रॅम लोह आहे पण त्यातलं शरीरात जातं फार थोडं. त्यापेक्षा शिजवलेली मसूर बघा, 100 ग्रॅमला 3.3. सोयाबीन, चणे, तीळ हेही चांगले. पालक खा, आवडतो तर जरूर खा, पण त्यावर घर चालवू नका. कॅल्शियमचंही तेच, पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि 5 टक्क्यांच्या आसपासच शोषलं जातं, दुधातलं साधारण 30 टक्के.

वनस्पतींमधलं लोह जरा नखरेल असतं, सोबत काय खाल्लं यावर त्याचं सगळं ठरतं. सी जीवनसत्त्व असलं की चांगलं शोषलं जातं म्हणून डाळीवर वरून लिंबू पिळा (वरूनच, उकळताना नाही, उष्णतेनं सी जातं), जेवणात कच्ची सिमला मिरची, नाहीतर जेवणानंतर संत्रं. चहा-कॉफी मात्र जेवणापासून निदान तासभर लांब. माझा अंदाज आहे की तुमचा चहा जेवणाला चिकटलेला असेल, बहुतेकांचा असतो. कडधान्य भिजवून, मोड आणून खाल्लं की त्यातलं फायटेट (लोह-झिंकला धरून ठेवणारं द्रव्य) कमी होतं आणि लोह, झिंक दोन्ही जास्त सुटतं. लोखंडी कढईत टोमॅटोसारखं आंबट शिजवलं तरी थोडं लोह उतरतं. हे सगळं करूनही आकडा हलला नाही तर कारण खाण्यात नसेल, पाळीतला जास्त रक्तस्राव असेल किंवा अजून काही, तपासून घ्या, आणि लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका.

प्रश्न: सगळं ठीक पण नवरा म्हणतो शाकाहारी जेवणात ‘दम’ नाही. मसाले वाढवून झाले, तिखट वाढवून झालं.

त्यांना जे कमी वाटतंय ते तिखट नाहीये हो, ते आहे उमामी, ती भरीव, रश्श्याला गोडी आणणारी चव. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला हे नाव दिलं. मांसात, माशात ती आपोआप येते, शाकाहारात ती आपण हातानं घालायची.

कुठून घालायची? टोमॅटो, पण पाणीदार कच्चा नाही, तेल सुटेपर्यंत परतलेला किंवा टोमॅटो पेस्ट तळाला किंचित लालसर होईपर्यंत भाजलेली. सोया सॉस, अगदी डाळीत चमचाभर, कुणाला कळत नाही काय घातलंय पण वाटी परत मागतात. मुरलेलं चीज. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे वाळवलेले शिताके मशरूम, त्यात ग्वानिलेट नावाचं चव वाढवणारं द्रव्य असतं आणि ते ग्लुटामेटबरोबर आलं की चव दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. ते गार पाण्यात भिजवा, पाणी गाळून रश्श्यात, मशरूम चिरून त्यातच. वाळवलेल्यात जी मजा आहे ती ताज्यात नाही.

दुसरं म्हणजे भाजणं. मांसाला तव्यावर जो खमंग रंग येतो तो टोफूला आणि फ्लॉवरलाही येतो पण कोरडं असेल तरच, ओलावा असला की तव्याची सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि पदार्थ वाफवला जातो. टोफू फडक्यात गुंडाळून वर जड भांडं ठेवून अर्धा तास दाबा, तवा चांगला तापू द्या, तुकडे सुटे सुटे टाका आणि मग हात आवरा, सारखं ढवळू नका! एक बाजू तांबूस झाली की सुटून येते. मशरूमचं पण तसंच, गर्दी केली की पाणी सुटतं. मीठ शेवटी.

आणि शेवटी थोडं आंबट. बेचव वाटणाऱ्या निम्म्या रश्श्यांना मीठ-तिखट नको असतं, लिंबाचे चार थेंब हवे असतात.

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्यालाही आमच्यासारखंच सॅलड, कोंडा असलेला ब्रेड, कमी तेलाचं देतोय. वजन वाढत नाही.

तुमचं डाएट तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. लहान पोट फायबरनं चटकन भरतं आणि कॅलरी पुरेशा जात नाहीत. त्याला मऊ डाळ, त्यावर तूप किंवा तेल, फुल फॅट दूध-दही, केळं, शेंगदाण्याचं बटर पातळ लावून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. अख्खे दाणे, बदाम पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतात. वजनाचा तक्ता बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

प्रश्न: घरात मी एकटी शाकाहारी, बाकी तिघं खातात. रोज दोन स्वयंपाक करून दमले.

दोन करू नका. रस्सा, सॉस, भात सगळं शाकाहारी आणि एकच करा, पातेल्यात कडधान्य घाला, आणि मांस वेगळ्या तव्यावर ज्यांना हवं त्यांनी भाजून आपापल्या ताटात वरून घ्यावं. ‘त्यांनी’ हे मुद्दाम लिहिलंय. चिकनचा स्टॉक क्यूब मात्र सामायिक पातेल्यात पडणार नाही एवढं बघा, आणि डाव वेगळा ठेवा.

प्रश्न: पाकिटांवर काय बघायचं? परवा कळलं की जेलीमध्ये हाडं असतात.

हाडं अख्खी नाही पण जिलेटिन हाडं आणि कातड्यापासूनच बनतं, जेली, मार्शमॅलो, बऱ्याच कॅप्सूल यांत असतं. त्याऐवजी अगर-अगर चालतं, ते समुद्री शेवाळाचं. लाल रंग ‘कार्माइन’ किंवा ‘ई 120’ लिहिला असेल तर तो कोचिनील किड्यांपासूनचा. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात, आशियाई करी पेस्टमध्ये कोळंबी किंवा फिश सॉस. चीजमध्ये दूध फाडायला रेनेट वापरतात, ते वासराच्या पोटातलं असू शकतं. हल्ली सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट बरंच वापरतात आणि तसं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण खरं पार्मेजानो रेज्जानो (इटलीचं कडक चीज) त्याच्या नियमांप्रमाणे वासराच्या रेनेटनंच करतात, त्यामुळे पास्त्यावर किसायला दुसरं कडक चीज शोधा.